मोजून नको म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

तळ्याच्या काठावर लाकडी खांबाला तारेनं बांधलेला एक छोटा काळा फळा होता. थंडी पडली की डॉक्टरबाई रोज सकाळी त्यावर खडूनं लिहायच्या. वर वार, मध्ये काठाजवळचा बर्फ किती इंच जाड आहे तो आकडा, आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच शब्द, इंग्रजीत 'नो' आणि मराठीत 'नको'. आकडा रोज बदलायचा. कधी एक, कधी चार, एकदा तर सात झाला होता. खालचा शब्द त्या इथं होत्या तोवर एकदाही बदलला नाही.

कुत्रा घेऊन चाललेल्या एका गृहस्थांनी एकदा थांबून विचारलं. नागपूरकडचे होते, मराठी बोलायचे. "डॉक्टर, रोज नकोच लिहायचं, तर मोजता कशाला?"

"न मोजता नको म्हणणं म्हणजे हट्ट. मोजून नको म्हणणं म्हणजे वैद्यकी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि तुमचा पट्टा लांबत जाणारा आहे, तो बदला. याला ससा दिसला तर तुम्ही बटण दाबेपर्यंत हा तळ्याच्या मधोमध असेल."

ते हसत गेले. दोन दिवसांनी त्यांच्या हातात साधा पट्टा होता.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. बोलता बोलता एक म्हणाली, "ती तळ्यावरची वेडी म्हातारी आठवते का गं?" सगळ्या हसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चारचौघांत मला बोलता येत नाही, मी कप ठेवले आणि आत आले. तिथं वही काढली. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढ्यात लिहिता येतं. वेडी कोण होती आणि कोण नव्हती, ते मला ठाऊक आहे. निदान वहीत तरी ते जसं होतं तसं राहू दे.

माझ्या मुलीचं घर अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आहे. एकमेकांना चिकटून बांधलेली घरं, मागे गवत, गवतापलीकडे तळं. तळं देवानं केलेलं नाही. रस्त्यावरचं पावसाचं पाणी एका मोठ्या पाइपातून तिथं येतं, म्हणून ते खोदलंय. भोवती पायवाट आहे आणि पायवाटेवर सकाळ-संध्याकाळ कुत्री. इथं ज्यांच्याकडे मूल नाही त्यांच्याकडे कुत्रा असतो आणि ज्यांच्याकडे मूल आहे त्यांच्याकडे मुलाच्या हट्टापायी कुत्रा असतो.

मी इथं आले तेव्हा नात चार वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात तिला गोठलेलं पाणी दाखवायला मी तळ्यावर घेऊन गेले. तीही बघत होती आणि खरं तर मीही बघत होते. पाण्यावर उभं राहता येतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. नातीनं एक पाय पुढे टाकला तोच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. समोरच्या काठावरून एक बाई ओरडत आल्या, "कुणाची ती पोर? मागे घे तिला! मराठी कळतं ना?"

मी मान हलवली.

"मग उभी काय राहिलीस? घे मागे!"

ओळख नाही, पाळख नाही, एकदम एकेरी. नंतर म्हणाल्या, "तुम्ही-बिम्ही म्हणायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस बुडतो." मी त्यांना शेवटपर्यंत अहो-जाहो केलं. त्यांनी मला शेवटपर्यंत "अगं ए" म्हटलं. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

त्या अमरावतीच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी इथं आलेल्या, भूल देणाऱ्या डॉक्टर. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूर ॲरिझोनात. सुती साडी नेसायच्या, साडीखाली लोकरीची पँट आणि वर शिकारी लोक घालतात तसलं भगभगीत नारिंगी जाकीट. गळ्यात शिट्टी. जाकिटाच्या खिशात गुंडाळलेली पिवळी दोरी कायम असायची. देवळात आल्या तरी दोरी खिशात. फोन उचलला की हॅलो म्हणायच्या नाहीत. "बोला, काय दुखतंय?" म्हणायच्या. फोन वीजकंपनीचा असला तरी तेच. कुणी विचारलं, "आता रिटायर झालात, निवांत असाल?" तर म्हणायच्या, "आयुष्यभर लोकांना झोपवलं. आता जागं करते."

कुत्र्याचं नाव त्यांनी मामलेदार ठेवलं होतं. काळा, जाडजूड, चालताना प्रत्येक झाडापाशी थांबून पाहणी करणारा. गोरे शेजारी त्याला 'मॅम' म्हणून हाक मारायचे आणि तो त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. डॉक्टरबाईंनी मात्र नुसतं "मामलेदार, दप्तर आवरा" म्हटलं की उठून घराकडे चालू लागायचा.

रोज फिरून आलं की त्या दारातच स्टुलावर बसून त्याचे चारही पाय कोमट पाण्यात बुडवून पुसायच्या. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, ते पंजाच्या भेगांत जातं आणि कुत्रा चाटतो. पाय पुसताना त्या त्याला दिवसाच्या बातम्या सांगायच्या. मी शेजारी पायरीवर बसायचे. त्यांचा गवती चहा, माझं ऐकणं. मला बोलावं लागत नसे, म्हणून मला तिथं बरं वाटायचं.

तळ्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं तिथंच कळलं. मला वाटायचं, स्नो पडला म्हणजे खालचा बर्फ आणखी घट्ट होत असेल. त्या म्हणाल्या, "अगं ए, गोधडी टाकल्यावर खालचं माणूस गार पडतं का ऊब धरतं? स्नो ही गोधडी आहे. खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो, आणि वरून सगळं पांढरं, भोक आहे का फट आहे कळत नाही." पाइपाच्या तोंडाशी पाणी हलतं राहतं म्हणून तिथं बर्फ सगळ्यात पातळ. लव्हाळ्यांच्या मुळाशीही तसंच. काठावर चार इंच मोजला म्हणून मध्ये चार असतो असं नाही. आणि ऊन पडलं की लोक कुत्री घेऊन बाहेर पडतात, तो दिवस सगळ्यात वाईट.

पण त्यांचा खरा नियम एकच होता आणि तो त्या भेटेल त्याला ऐकवायच्या. कुत्रा पाण्यात पडला तर त्याच्यामागे जायचं नाही. "कुत्रा पुष्कळदा आपला आपण बाहेर येतो. त्याच्यामागे गेलेला माणूस येत नाही. लोक कुत्र्याच्या प्रेमापायी बुडतात." काठावर आडवं पडायचं, दोरी टाकायची, शिडी बर्फावर सरकवायची, आणि नाइन वन वनला, म्हणजे अग्निशमनवाल्यांना फोन करायचा. "कुत्र्यासाठी काय फोन करायचा, असं म्हणून लाजू नका. ते कुत्र्यासाठी येतात. कुत्र्यामागे तुम्ही जाऊ नये म्हणून येतात."

माझ्याकडून त्यांनी तो फोन पाठ करून घेतला. मला इंग्रजी येत नाही. त्या पायरीवर बसवून मला म्हणायला लावायच्या, "डॉग इन पॉन्ड. नो पर्सन इन पॉन्ड. कम फास्ट." मग रस्त्याचं नाव. मी पुटपुटले की, "मोठ्यांदा! तिकडच्याला काय तुझ्या पोटातलं ऐकू येणार आहे?" घरी भांडी घासताना मी ते म्हणायचे. नात हसून तिच्या इंग्रजीत दुरुस्त करायची.

त्यांनी स्वतःच्या गॅरेजातली ॲल्युमिनियमची लांब शिडी आणून तळ्याच्या काठावर आडवी ठेवली होती. शेजारच्या खांबाला दोरी आणि पोहायच्या तलावावर असतं तसलं लाल कडं. यावरून आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांशी त्यांचं वाजलं. अध्यक्ष मराठीच, पुण्याचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. सगळं सारखं आणि नीटनेटकं दिसलं पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्यांना डॉक्टर मॅडम म्हणायचे, त्या त्यांना अध्यक्षमहाराज.

"डॉक्टर मॅडम, घर बघायला लोक येतात. तळ्यावर शिडी-दोरी बघितली की त्यांना वाटतं इथं रोज कुणीतरी बुडतं."

"बुडत नाही, कारण शिडी आहे."

"लायबिलिटी आहे हो. उद्या पोरं शिडीवर चढली म्हणजे?"

"आडव्या शिडीवर चढून पोरं कुठं जाणार, अध्यक्षमहाराज? कॅनडात?"

सोसायटीची पत्रं आली. डॉक्टरबाईंनी ती फळ्याच्या मागच्या बाजूला चिकटवली, सगळ्यांना वाचता यावीत म्हणून.

आता माझी गोष्ट सांगते.

माझा हात सहा माणसांची कणीक मळतो. घरात खाणारे साडेतीन. मुलगी आणि जावई ऑफिसातून काहीतरी खाऊन येतात, नात पास्ता मागते. रोज तीन-चार पोळ्या उरायच्या. गावाकडे उरलेली पोळी गाईला जायची, शेजारच्या म्हशीला जायची. इथं मुलगी म्हणायची, "आई, टाक ना बिनमध्ये." अन्न कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकायला माझा हात उठत नाही. तळ्यावर इथली ती मोठी बदकं यायची, मान काळी, गळ्यावर पांढरा पट्टा. मी शालीखाली पोळ्या न्यायचे आणि तुकडे करून बर्फावर भिरकावायचे. बदकं चालत यायची. मला वाटायचं, चला, कुणाच्या तरी मुखात गेलं.

एक दिवस डॉक्टरबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "कुणीतरी तळ्यात पोळ्या टाकतंय."

मी कपात बघत राहिले.

"बर्फावर बदकं जमतात, बदकं बघून कुत्री ओढ घेतात. मी इथं घसा फोडतेय आणि कुणीतरी तिथं पंगत घालतंय!" त्यांनी खिशातून गोठलेला तुकडा काढला आणि नखानं सोलला. "बघ. पदर सुटतायत. घडीची पोळी आहे. म्हणजे गुजराती नाही, पंजाबी नाही. आपल्यातलीच कुणीतरी आहे. सापडू दे, तिला फळ्याला बांधते."

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. मग चहा प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून बंद करायचं असं ठरवलं. दोन दिवस पोळ्या फ्रिजमध्ये साठल्या. तिसऱ्या दिवशी मुलीनं त्या माझ्यासमोर बिनमध्ये टाकल्या आणि मला जेवण गेलं नाही. मग मी जागा बदलली. पाइपाच्या बाजूला लव्हाळी उंच आहेत, पायवाटेवरून दिसत नाही. तिथं पाणी थोडं मोकळं असतं, म्हणजे बदकांना पोळी भिजवून खाता येईल, असा माझा हिशेब. जिथं बर्फ सगळ्यात पातळ म्हणून त्यांनी मला दहा वेळा सांगितलं होतं, नेमकी तीच जागा मी शोधून काढली. कुत्र्यांचा विचार केला नाही. माणसाला लपायचं असलं की त्याला दुसरं काही आठवत नाही.

तीन आठवडे असं चाललं. त्या रोज मला पोळीवालीबद्दल सांगायच्या आणि मी रोज त्यांचा चहा प्यायचे.

मग तो फेब्रुवारीतला दिवस. दोन दिवस ऊन पडलं होतं, सगळे बाहेर होते. अकराच्या सुमाराला मी तळ्यावर पोचले तेव्हा डॉक्टरबाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि काठावर शिडी नव्हती. दोरी नव्हती, लाल कडंही नव्हतं. समोरून अध्यक्ष येत होते.

"धर ह्याला," डॉक्टरबाईंनी मामलेदाराचा पट्टा माझ्याकडे दिला. "दोन्ही हातांनी. मनगटाला गुंडाळू नकोस, ओढली जाशील." आणि त्या अध्यक्षांकडे निघाल्या. "माझी शिडी कुठंय?"

"शेडमध्ये ठेवलीय, सुरक्षित आहे. कमिटीनं ठरवलं, मी एकट्यानं नाही."

"शेडमध्ये कोण बुडतंय?"

मी त्यांचं भांडण ऐकत होते. हातांत लोकरीचे मोजे होते. मामलेदारानं नाक वर केलं. सकाळीच मी पाइपापाशी चार पोळ्या टाकल्या होत्या, तूप लावलेल्या. तो जड कुत्रा, म्हातारा, कधी धावताना बघितला नव्हता. त्यानं असा हिसका दिला की मी गुडघ्यांवर आपटले आणि पट्टा मोज्यांतून सुटला. लव्हाळी हलली. मग आवाज आला. काच फुटल्यासारखा नाही. कुणी जाड पुठ्ठा मोडावा तसा.

मी धावले. मला काही आठवलं नाही, नियम नाही, काही नाही. एक पाय बर्फावर टाकला होता आणि तो खाली जातोय हे कळत होतं, तेवढ्यात मागून शाल ओढली गेली आणि मी पाठीवर पडले. डॉक्टरबाई माझ्या अंगावर वाकल्या होत्या.

"मागे! तू बुडालीस तर मी कुणाकुणाला काढू?"

"पण तो..."

"तो माझा कुत्रा आहे! मी सांगते ते कर. हा फोन. बोल. पाठ केलंयस ते बोल."

आणि मी बोलले. मोठ्यांदा. डॉग इन पॉन्ड. नो पर्सन इन पॉन्ड. पलीकडून बाई काहीतरी विचारत होती, मी तेच परत परत बोलत होते, रस्त्याचं नाव सांगत होते आणि रडत होते.

डॉक्टरबाई काठावर पोटावर आडव्या पडल्या होत्या, साडी चिखलात. खिशातल्या पिवळ्या दोरीला फास करून टाकत होत्या. दोरी पोचत होती, पण कुत्र्याला दोरी धरता येत नाही आणि फास गळ्यात पडला तर जीव जाईल, म्हणून त्या पुढच्या पायांखाली अडकावा असा नेम धरत होत्या. अध्यक्ष दुसऱ्या बाजूला पळाले आणि तिथून "कम, कम" करू लागले. मामलेदार पाण्यात गोल गोल फिरायला लागला. कुणाकडे जावं त्याला कळेना.

"तोंड बंद!" डॉक्टरबाई ओरडल्या. "एकच आवाज! शिडी आणा माझी, पळा!"

अध्यक्ष शेडकडे पळाले. शेडला कुलूप. किल्ली ऑफिसात.

मग फक्त त्यांचा आवाज होता. रडवेला नाही, लाडाचा नाही, कचेरीतल्या साहेबासारखा. "मामलेदार. इकडे बघा. जिकडून गेलात तिकडूनच या. तिथला बर्फ तुम्हाला पेलून होता. या. दप्तर आवरा." तो पंजे टाकायचा, बर्फ मोडायचा. परत टाकायचा. हळूहळू पंजे उचलेनात. नुसतं नाक वर राहिलं. त्या तशाच बोलत राहिल्या. माझ्या शालीचं एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं, मी पुन्हा उठू नये म्हणून. मला तेव्हा कळलं, त्यांना उठायचं होतं. शाल त्यांनी स्वतःला धरून ठेवण्यासाठीही धरली होती.

अग्निशमनवाले आले. एक जण नारिंगी रबरी सूटमध्ये, कमरेला दोर, बर्फावर पोटावर सरकत गेला आणि मामलेदाराला कवटाळून घेऊन आला. नऊ मिनिटं, डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं होतं.

मामलेदाराला गोधड्यांत गुंडाळताना मी गरम पाणी आणते म्हणाले तर त्यांनी डोळे वटारले. एकदम गरम नाही, कोरडं पुसायचं, हळूहळू ऊब द्यायची, लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं. नारिंगी सूटवाला काहीतरी म्हणाला. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, "म्हणतोय, कुणी आत गेलं नाही, बरं झालं." मग त्यांची नजर तळ्यावर गेली. मोडलेल्या बर्फात पोळ्यांचे तुकडे तरंगत होते.

मामलेदार जगला. महिनाभर खोकत होता.

पण सोसायटीनं मीटिंग बोलावली. क्लबहाऊसमध्ये पन्नासेक माणसं. सोसायटीचं म्हणणं असं की सगळ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईंचाच कुत्रा सुटला, फायर ट्रक आला, लोक घाबरले. तेव्हा शिडी, दोरी, फळा सगळं कायमचं काढायचं आणि त्यांच्या कुत्र्याला पायवाटेवर बंदी. अध्यक्ष ते इंग्रजीत वाचत होते आणि मुलगी माझ्या कानात मराठी सांगत होती.

डॉक्टरबाई उठल्या. नारिंगी जाकीट तेच. "माझा कुत्रा. माझी चूक. मला बंदी घाला. शिडी परत ठेवा." एवढंच बोलल्या. पट्टा कुणाच्या हातात होता ते बोलल्या नाहीत.

मी उठले कशी ते मला माहीत नाही. मुलीनं पदर ओढला. "आई, बस खाली, प्लीज."

"सांग त्यांना," मी म्हटलं. "पट्टा माझ्या हातात होता."

"आई!"

"सांग. तळ्यात पोळ्या टाकणारी मी. रोज टाकायचे. चोरून. त्या वासानं तो गेला."

सगळे मुलीकडे बघत होते. तिनं सांगितलं, मान खाली घालून.

"आणि सांग, शिडी जागेवर असती तर तो नऊ मिनिटं पाण्यात राहिला नसता. कुलपात होती ती."

हे सांगायची गरज पडली नाही. अध्यक्षांना मराठी येत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. मराठी असो की अमेरिकन, कमिटी म्हटली की तेच.

बाहेर पार्किंगमध्ये मला वाटलं, डॉक्टरबाई पाठीवर हात ठेवतील. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीन आठवडे माझ्या पायरीवर बसून माझा चहा पीत होतीस. आणि एक शब्द नाही?" गाडीत बसल्या आणि गेल्या.

अकरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज पायवाटेवरून जायचे, त्या फळ्यावर लिहायच्या आणि पाठ फिरवायच्या. मला वाईट वाटायचं, पण एक सांगते, हलकंही वाटायचं. त्या रागावल्या होत्या ते माझ्यावर, मी जी होते तिच्यावर. त्याआधी त्या ज्या बाईला चहा पाजायच्या ती खोटी होती.

बाराव्या दिवशी त्यांनी दार वाजवलं. हातात स्टीलचा डबा. "उरतील त्या पोळ्या ह्यात टाकायच्या. मला फोडणीची पोळी आवडते. रोज. आणि जाकीट घाल, शिडी आणायचीय."

भर दुपारी आम्ही दोघींनी शेडमधून शिडी उचलली. कुलूप नव्हतं, अध्यक्षांनी काढलं असावं, विचारलं कुणी नाही. पुढचं टोक त्यांच्याकडे, मागचं माझ्याकडे. अध्यक्ष खिडकीत उभे होते. डॉक्टरबाईंनी त्यांना हात केला. त्यांनी पडदा ओढला. त्या हिवाळ्यात शिडी चारदा गेली आणि चारदा आली. पुन्हा कुलूप लागलं तेव्हा डॉक्टरबाईंनी दुसरी शिडी आणली, पहिलीपेक्षा लांब. पुढची मीटिंग झाली, तिच्या पुढची झाली. निर्णय झाला नाही. त्या म्हणायच्या, "ते ठरवत बसू देत. आपण ठेवत राहू."

मागच्या पावसाळ्याआधी त्या स्वयंपाकघरात पडल्या, खुबा मोडला. मुलगा येऊन ॲरिझोनाला घेऊन गेला. मामलेदारही गेला. तिकडे तळी गोठत नाहीत. फोन करते तेव्हा त्या विचारतात, "बोला, काय दुखतंय?" मी म्हणते, काही नाही. मग त्या विचारतात किती इंच, आणि मी सांगते. मोजायला मला त्यांनीच शिकवलं.

या वर्षी सोसायटीची देखभाल बघायला नवीन कंपनी आहे. जुने अध्यक्ष आता नाहीत, पत्रंही येत नाहीत. गेल्या मंगळवारी एक माणूस ट्रक घेऊन आला, गवतातून चालत शिडीपाशी गेला आणि त्यानं तिचं एक टोक उचललं. मी खिडकीतून बघितलं. स्वेटर घातला आणि गेले. मला त्याला काय सांगावं कळेना, म्हणून मी शिडीवर बसले. मधोमध. त्यानं हसून काहीतरी म्हटलं. मी बसून राहिले. त्यानं फोन केला. मी बसून राहिले. थंडी चांगलीच होती. पायवाटेवरून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिनं पट्टा आखडून धरला आणि थांबून बघू लागली.

अर्ध्या तासानं मुलगी ऑफिसातून धावत आली. कुणीतरी तिला कळवलं होतं.

"आई, काय चाललंय हे? ऊठ!"

"नाही उठत. त्याला सांग, ही शिडी इथं राहणार."

ती त्याच्याशी बोलली. त्यानं हातातल्या पॅडवर कागद लावला, पेन काढलं. मुलगी माझ्याकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता.

"आई, तो म्हणतोय, काढू द्यायला कुणी नकार दिला ते त्याला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. नाव विचारतोय."

"लिहू दे," मी म्हटलं. "तुझ्या बाबांच्या नावासकट पूर्ण सांग."